पाखरू कोणत्या ओळीत माणूस होतं? सुगरणीच्या खोप्यावरून कविता वाचायची रीत

‘कवयित्रीने सुगरण पक्ष्यावर मानवी भावनांचे आरोपण करून चेतनगुणोक्ती अलंकार साधला आहे.’ हे वाक्य मराठीच्या उत्तरपत्रिकांत सर्रास सापडतं. वाक्य चुकीचं नाही आणि त्याला गुणही मिळतात. पण ते लिहिणाऱ्या मुलाला जरा पुढचं विचारा. पाखरू नेमकं कुठल्या ओळीत माणूस झालं? माणूस म्हणजे कोण झालं: आई, कारागीर, बैरागी? आणि इतकं होऊनही त्याचं पाखरूपण किती शिल्लक राहिलं? मुलं एकमेकांकडे बघायला लागतात. अलंकाराचं नाव कळलं की कविता कळली, हा समज आपण शिक्षकांनीच त्यांच्या डोक्यात घातला आहे, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. मराठीत पाखरांच्या इतक्या सुंदर कविता आहेत, त्या एका पारिभाषिक शब्दाखाली गाडल्या जाऊ नयेत.

मी जळगाव जिल्ह्यात अकरावी-बारावीला मराठी शिकवते. पाखरं बघायची आवड लहानपणापासूनची. दोन्ही गोष्टी एकाच माणसात आल्या, त्यामुळे वर्गात कविता वाचायची एक रीत हळूहळू तयार होत गेली. ती इथे मांडते. उदाहरणाला बहिणाबाई चौधरींची सुगरणीची कविता घेते. ती बहुतेकांना पाठ असते, आणि पाठ असल्यामुळेच ती कुणी नीट वाचत नाही.

दोन रंगांच्या पेन्सिली

आधी कविता मोठ्याने म्हणा. खानदेशी बोलीचा ठेका कानात बसू द्या. ‘झाडाला’ असं सुधारून वाचू नका, ‘झाडाले’च म्हणा. छापील प्रतींत एखाददुसरं अक्षर वेगळं दिसेल, त्याने बिघडत नाही.

अरे खोप्यामधी खोपा
सुगरणीचा चांगला
देखा पिलासाठी तिनं
झोका झाडाले टांगला

पिलं निजले खोप्यात
जसा झुलता बंगला
तिचा पिलामधी जीव
जीव झाडाले टांगला

आता एक हिरवी आणि एक लाल पेन्सिल घ्या. झाडाखाली उभं राहिलेल्या माणसाला जे डोळ्यांनी दिसेल, कानांनी ऐकू येईल, ते हिरव्याने अधोरेखित करायचं. जे दिसूच शकत नाही, फक्त मानावं लागतं, ते लालने. एवढंच काम, पण ते शब्दाशब्दाला करायचं, ओळीओळीला नाही.

खोपा, झाड, पिलं, टांगला: हिरवं. इथवर कुणी अडत नाही. ‘पिलासाठी’ला वर्गात भांडण लागतं. काही मुलं म्हणतात, घरटं पिलांसाठीच असतं, त्यात मानायचं काय? पण लटकणारं घरटं दिसतं, ते कशासाठी लटकवलं हे दिसत नाही. हेतू हा नेहमी बघणाऱ्याच्या मनातून येतो. म्हणून तूर्त लाल करा. त्याच्याकडे पुन्हा यायचं आहे.

‘झुलता बंगला’ या दोन शब्दांची फोड मला विशेष आवडते. झुलणं पाखराच्या घरट्याचं, बंगला माणसाचा. विशेषण हिरवं, नाम लाल. खरा बंगला झुलत नाही आणि खऱ्या घरट्याला कुणी बंगला म्हणत नाही, पण दोन्ही शेजारी आले की पिल्लांचं निजणं एकदम ऐटीचं होतं.

आणि मग ‘टांगला’. पहिल्या कडव्यात झोका झाडाला टांगलेला आहे, म्हणजे काड्यापात्यांची खरीखुरी वस्तू. दुसऱ्या कडव्यात तेच झाड, तेच क्रियापद, यमकाची तीच जागा, पण टांगलेला आहे जीव. आठ ओळींत एक क्रियापद वस्तूवरून मनावर सरकलं आणि वाचणाऱ्याला धक्कासुद्धा बसला नाही. बसणार कसा? जीव टांगणीला लागणं हे आपण रोज बोलतो: मुलगा रात्री उशिरापर्यंत घरी आला नाही की लागतो, पाऊस लांबला की लागतो. बहिणाबाईंनी ती बोलण्यातली टांगणी अक्षरशः झाडाच्या फांदीला नेऊन बांधली. सुगरण या कवितेत माणूस होते ती इथे. ‘मानवी भावनांचे आरोपण’ म्हणून परीक्षेत जे एका वाक्यात उरकतो, ते प्रत्यक्षात या एका क्रियापदाच्या दोन वापरांमधल्या अंतरात घडलेलं आहे.

कुठलीही पाखराची कविता घेतलीत तरी हे शोधा: कोणता शब्द एकाच वेळी हिरवाही आहे आणि लालही? तो सापडला की निम्मं काम झालं. असा एकही शब्द सापडला नाही, सगळं पान लालच झालं, तर कवीने पाखरू न बघताच कविता लिहिली असण्याची शक्यता मोठी आहे.

लाल शब्द कुणाच्या घरातून आले?

पाखराला माणूस करायचं तर माणसाच्या वस्तू, नाती, कामं उसनी आणावी लागतात. ती कुठून आणली हे बघणं ही पुढची पायरी. प्रत्येक लाल शब्दासमोर मी मुलांना जागेचं नाव लिहायला सांगते: शेत, ओसरी, देऊळ, दरबार, शाळा, बाजार. जे असेल ते.

बहिणाबाईंचा जन्म १८८० सालचा, जळगावजवळच्या असोद्याचा. लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरींच्या घरात आल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात राबताना, जात्यावर बसताना सुचलेली गाणी त्या म्हणत आणि त्यांचे चिरंजीव, कवी सोपानदेव, ती टिपून ठेवत. १९५१ च्या डिसेंबरात त्या गेल्या, आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती गाणी पुस्तकरूपाने आली. हा तपशील परिचयाच्या चौकटीत कोंबून पुढे जाऊ नका. सुगरणीसाठी त्यांनी उसनं आणलेलं सगळं सामान या आयुष्यातलं आहे, म्हणून तो इथे लागतो.

झोका बघा. निंदणी-खुरपणीला जाणारी बाई तान्ह्या पोराला बरोबर नेते, बांधावरच्या बाभळीला किंवा निंबाला लुगड्याची झोळी बांधते, त्यात पोर निजवते आणि ओळीला लागते. हात कामात असतात, लक्ष झोळीत. ‘तिचा पिलामधी जीव, जीव झाडाले टांगला’ ही ओळ या बाईच्या बाबतीत शब्दशः खरी आहे. सुगरणीचं लटकतं घरटं बघून बहिणाबाईंना झोकाच का सुचला, हे शेतात गेलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. शहरातल्या मुलांना मात्र सांगावं लागतं.

पुढचं एक कडवं असं आहे:

खोपा इनला इनला
जसा गिलक्याचा कोसा
पाखराची कारागिरी
जरा देख रे मानसा!

गिलकं म्हणजे पुण्याकडचं घोसाळं. बियाण्यासाठी म्हणून एखादं वेलावरच राखतात. ते वाळतं, हलकं होतं, हलवलं की आत बिया खुळखुळतात. वरचं कागदासारखं साल सोललं की तंतूंची जाळी हाती येते; तिने अंग घासतात, भांडी घासतात. मी वर्गात असं एक वाळलं गिलकं आणि पावसाळ्यानंतर गळून पडलेलं सुगरणीचं घरटं शेजारी शेजारी ठेवते. मुलांनी दोन्हींत बोट खुपसून बघायचं. गिलक्याचे तंतू एकमेकांना आडवे-तिरपे जाऊन असे गुंतलेले असतात की कुठला कुठे सुरू झाला ते काढता येत नाही, आणि नेमकं तसंच घरट्यात. रंगही जवळपास एक, वाळल्या गवताचा. बहिणाबाईंनी इथे पाखराला माणूस केलेलं नाही. घरट्याला भाजी केली आहे. पण ती भाजी त्यांच्या परसातली आहे, त्यामुळे पाखरू परकं राहत नाही, अंगणात येतं. माणसाळवण्याचा हाही एक मार्ग आहे आणि अलंकाराच्या यादीत तो पकडला जात नाही.

याच्या आधीच्या कडव्यात सुगरणीच्या जोडीदाराला त्यांनी ‘गण्यागंप्या नर’ म्हटलं आहे. हा शब्द आला ओसरीवरून, बायकांच्या आपसातल्या बोलण्यातून. कर्तबगार बाई आणि तिचा कशातच नसलेला नवरा: गावातल्या प्रत्येक गल्लीत अशी एक तरी जोडी सगळ्यांना माहीत असते. एका शब्दात पाखराच्या जोडीचा संसार उभा राहिला.

इथे एक सांभाळायचं. बहिणाबाई तरुणपणीच विधवा झाल्या, शेत आणि संसार त्यांनी एकटीने ओढला, हे कळल्यावर ‘सुगरण म्हणजे स्वतः बहिणाबाईच’ असं लिहायची घाई होते. तसं लिहू नका. उसनं सामान कुठून आलं एवढंच आपल्याला दाखवता येतं. कवितेतल्या पाखराला कवीचा मुखवटा ठरवलं की पाखरूही हातचं जातं आणि कविताही.

आता झाडाखाली जा

ही पायरी बहुतेक मार्गदर्शक पुस्तकं गाळतात, आणि माझ्या मते सगळी गंमत हिच्यात आहे. कवितेतलं पाखरू प्रत्यक्षात कसं वागतं ते बघा किंवा निदान खात्रीच्या ठिकाणी वाचा.

सुगरण चिमणीएवढी. एरवी नर-मादी दोघंही मातकट, रेघारेघांचे. चिमण्यांच्या थव्यात मिसळले तर ओळखू येत नाहीत. पावसाळा आला की नराचा माथा आणि छाती पिवळी धमक होते, चेहऱ्यावर काळपट मुखवटा येतो. बाभळीवर, शिंदीवर, विशेषतः विहिरीवर किंवा ओढ्यावर वाकलेल्या फांद्यांना त्यांची वसाहत लागते. खाली पाणी, वर काटे. साप-मांजराला जाणं अवघड.

आणि घरटं विणतो नर. अलिबागजवळच्या किहीम गावी १९३० साली सलीम अलींनी सुगरणींच्या वसाहतीवर दिवसचे दिवस नजर ठेवून या पाखराचा संसार उलगडला. त्यातून जे कळलं ते आज पाखरं बघणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. भाताच्या किंवा लांब गवताच्या पात्याला नर बुडाशी चोचीने खाच पाडतो, टोक चोचीत धरतो आणि उडतो. उडण्याच्या ओढीने पात्याची लांब चिंधी फाटून निघते. अशा चिंध्या तो फांदीला गुंडाळतो, आधी एक कडं तयार करतो, मग कड्याच्या एका बाजूला घुमट. शेकडो फेऱ्या होतात. पुरं घरटं व्हायला साधारण अठरा दिवस लागतात, पण अर्धं, शिरस्त्राणासारखं झालं की नर थांबतो. त्या अर्ध्या घरट्याला लटकून पंख फडफडवतो, ओरडतो. वसाहतीतला सगळा गलका त्याचाच.

मादी येते, आत शिरते, बघते. पसंत पडलं तर राहते, नाही तर निघून जाते. अभ्यासातून असं दिसलं आहे की विणकामापेक्षा जागा कशी आहे याकडे तिचं लक्ष जास्त असतं. पसंती मिळाली की नर अंड्यांची खोली आणि खाली उतरणारी बोगद्यासारखी वाट पुरी करतो. आतल्या बाजूला थोडाफार हात मादीही फिरवते. मग ती दोन ते चार पांढरी अंडी घालते, दोन आठवडे उबवते, पिल्लांना भरवते. नर? तो एव्हाना त्याच झाडावर दुसरं घरटं बांधायला लागलेला असतो, दुसऱ्या मादीसाठी.

वर्गातलं ते गळलेलं घरटं आम्ही एकदा वर्तमानपत्रावर ठेवून कात्रीने उभं कापलं. आत जाड पात्यांवर बारीक पात्यांचा थर होता. अंड्यांची खोली आणि बाहेर जायची वाट यांच्या मध्ये एक घट्ट वळलेला उंबरठा. सुरुवातीला नराने केलेलं कडं ते हेच. अंडी गडगडून वाटेने खाली पडू नयेत ती याच्यामुळे. घुमटाच्या आतल्या बाजूला वाळलेल्या चिखलाचे गोळे चिकटलेले होते. एका मुलीने लगेच आजीचं सांगितलं: सुगरण चिखलात काजवे चिकटवते, रात्री पिलांना उजेड व्हावा म्हणून. ही समजूत आपल्या देशात बऱ्याच ठिकाणी आहे. वाऱ्यात घरट्याला वजन यावं म्हणून चिखल असावा, असा अभ्यासकांचा एक अंदाज आहे. काजव्याची गोष्ट मात्र मी मुलांना फळ्यावर लिहून ठेवायला लावली, कारण ती बहिणाबाईंच्या कवितेची सख्खी बहीण आहे. हिरवं काय? चिखल. लाल काय? दिवाबत्ती.

जुळत नाही, मग काय करायचं?

विणणारा नर निघाला की वर्गात दोन प्रकारची मुलं तयार होतात. काही म्हणतात, बहिणाबाई चुकल्या. काही म्हणतात, कवितेत शास्त्र कशाला? मी दोघांनाही थांबवते. चूक म्हटलं की शोध संपतो आणि ‘कशाला’ म्हटलं तरी संपतो. पाखरू आणि कविता यांच्यात जिथे फट पडते तिथेच माणसाने काय घातलं ते दिसतं, म्हणून त्या फटीत जास्त वेळ थांबायचं.

विणकाम आईकडे दिल्याने काय झालं? खोपा मायेचा झाला. नराकडे ठेवलं असतं तर तो पसंतीसाठी मांडलेला देखावा ठरला असता, आणि ‘पिलासाठी’ हा शब्द टिकलाच नसता, कारण नर पहिली पाती गुंडाळतो तेव्हा मादीसुद्धा आलेली नसते, पिलं तर दूरच. तो लाल शब्द साऱ्या कवितेचा आधार आहे हे इथे कळतं.

उलट, गण्यागंप्या नर अगदीच खोटा नाही. त्याच्या हातात कारागिरी आहे, हे कवितेने त्याच्याकडून काढून घेतलं. पण उबवणं, भरवणं, जीव टांगणीला लावून बसणं हे खरोखर मादीच्याच वाट्याला येतं आणि बुवा शेजारच्या फांदीवर नवा संसार मांडत असतात. म्हणजे विणण्याच्या बाबतीत कविता पाखरापासून लांब आहे, वाढवण्याच्या बाबतीत फार जवळ. दोन्ही गोष्टी एकाच उत्तरात लिहिता आल्या पाहिजेत.

आणखी एक प्रश्न: माणसाचं कोणतं रूप दिलं, आणि त्या रूपामागे पाखराचं काय झाकलं गेलं? सुगरणीला आई केलं, चतुर गृहिणी केलं. त्यामुळे घराघरात शिरून, बघून, नापसंत करून निघून जाणारी मादी कवितेत कुठेच नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. घर आणि जोडीदार बघून नाकारायचा अधिकार बहिणाबाईंच्या काळच्या बाईला नव्हता. त्यांच्या डोळ्यांसमोरच्या पाखराला होता. कवितेने पाखराला बाई केलं तेव्हा तो अधिकार वाटेतच गळाला. हा दोष म्हणून सांगत नाही. रूपाची निवड म्हणजे काय, ते दाखवायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

शेवटचं कडवं बघा:

तिची उलूशीच चोच
तेच दात, तेच ओठ
तुले देले रे देवानं
दोन हात दहा बोटं

इथे पाखराला दात आणि ओठ मिळाले, म्हणजे माणसाचं शरीरच आलं. आणि लगेच पुढच्या दोन ओळींत हात नाहीत हे पुढे केलं. इतका वेळ जवळ आणलेलं पाखरू एकदम माणसासमोर उभं केलं आणि माणसालाच जाब विचारला. कविता सुरू झाली ‘देखा’ने, मधे ‘देख रे मानसा’ आलं, शेवटी ‘तुले’. ऐकणारा हळूहळू कवितेच्या आत ओढला जातो. (नर विणताना पाती पायानेही दाबून धरतो. कवितेत फक्त चोच ठेवली आहे. पाय आले असते तर हाताबोटांशी सामना इतका रोखठोक झाला नसता.)

पाखराला वाचा फुटते का?

सुगरण सगळ्या कवितेत एक शब्द बोलत नाही. हे लक्षात यायला दुसरी कविता शेजारी ठेवावी लागते. रेव्हरंड ना. वा. टिळकांची ‘केवढे हे क्रौर्य’ घ्या. ‘क्षणोक्षणी पडे, उठे परि बळे, उडे बापडी’: पडते, उठते, उडते ही तीन क्रियापदं शुद्ध हिरवी, आणि मग ‘बापडी’ हा पहिला लाल ठिपका. पृथ्वी वृत्ताची धडपड त्या जखमी पक्षिणीच्या उडण्यात मिसळून जाते. ती आपल्या ढोलीत परतते आणि तिथे बोलायला लागते. पिलांना शेवटचा घास भरवते, आणि यापुढे तुमचा सांभाळ प्रभु पिता करो असं म्हणते. या क्षणापासून ती पक्षीण उरत नाही, मरणाच्या दारातली माता होते, आणि तिच्या तोंडी टिळकांची श्रद्धाही येते. आणखी एक बघा: पाखराची जात कुठेच सांगितलेली नाही. पोपट नाही, साळुंकी नाही, नुसती ‘पक्षिणी’. जात जितकी पुसट, तितकं पाखराला पुरतं माणूस करणं सोपं जातं.

ज्ञानदेवांच्या विरहिणीत, म्हणजे विरहात वाट बघणाऱ्या बाईच्या तोंडच्या अभंगात, उलटं आहे. ‘पैल तो गे काऊ कोकताहे, शकुन गे माये सांगताहे’. कावळा फक्त कोकतो. त्या कोकण्याचा निरोप बाई स्वतः करते. मग त्याला लाच देते: पाय सोन्याने मढवीन, दहीभाताची उंडी तोंडी लावीन. कावळा पूर्ण कावळाच राहिला, माणसासारखं वागायला लागली ती बोलणारी. अशा कवितेत पाखराला अधोरेखित करत बसू नका, बोलणाऱ्या व्यक्तीकडे पेन्सिल वळवा.

मूड कुणाचा?

बालकवींचा ‘पारवा’ बहिणाबाईंच्या सुगरणीशेजारी ठेवावा असा आहे, आणि दोघं एकाच जिल्ह्यातले. बालकवी १८९० साली धरणगावला जन्मले आणि १९१८ साली भादलीजवळ रेल्वेखाली गेले. भादली ते असोदे हे अंतर फार नाही.

भिंत खचली, कलथून खांब गेला
जुनी पडकी उद्ध्वस्त धर्मशाला
तिच्या कौलारी बसुनि पारवा तो
खिन्न नीरस एकांतगीत गातो

खचलेली भिंत, कलथलेला खांब, कौलांवर बसलेला पारवा: दोन-अडीच ओळी हिरव्या. पडक्या वास्तूत पारवे राहतातच. ‘खिन्न’ आणि ‘नीरस’ आले की लाल सुरू. प्रत्यक्षात पारव्याचं घुमणं बहुधा मादीपुढे असतं; नर गळा फुगवून, मान लववून गिरक्या घेत घुमतो, म्हणजे खिन्नतेचा कारभारच नाही. इथे उसनवारी शेतातून की ओसरीवरून हा प्रश्न लागू पडत नाही. उसनं आणलंय ते मन, आणि ते पडक्या धर्मशाळेतून झिरपत पाखरात आलं आहे. चांगली गोष्ट ही की बालकवींना याची जाणीव आहे: पुढे ते पारव्यालाच विचारतात, तुझ्या मनात काही दुखतंखुपतं का. विचारणं म्हणजे खात्री नसल्याचं कबूल करणं. ज्या कवितेत असा प्रश्न येतो तिथे थांबून तो उत्तरात जरूर नोंदवा.

याच कवीने लहान मुलांसाठी ‘चिमणीचा घरटा’ लिहिली. त्यात चिऊताई आहे, कावळेदादा आहे. हरवलेल्या घरट्याची चौकशी आहे. ताई-दादा म्हटलं की पाखरू शेजारपाजारचं होतं. मूड, नातं, काम: एकच कवी वेगवेगळ्या पाखरांना वेगवेगळ्या दारांतून माणसांत आणतो.

उत्तर लिहिताना

वरच्या सगळ्या खटाटोपाचं वहीत काय होतं, त्याचा नमुना देते. परीक्षेत एवढं बसतं:

‘पहिल्या कडव्यात झाडाला टांगलेला झोका ही डोळ्यांना दिसणारी वस्तू आहे. दुसऱ्या कडव्यात “टांगला” हेच क्रियापद सुगरणीच्या जिवाला लागते आणि पक्षीण आई होते. झोका, गिलक्याचा कोसा, गण्यागंप्या नर हे शब्द शेतकरी बाईच्या रोजच्या जगातून आलेले असल्याने सुगरण परकी वाटत नाही. निसर्गात घरटे नर विणतो. कवयित्रीने ते काम आईकडे दिल्यामुळे खोपा मायेचे प्रतीक ठरतो. शेवटी चोचीशेजारी माणसाचे दोन हात ठेवून कवयित्री वाचकालाच उभे करते.’

यात चेतनगुणोक्ती हा शब्द हवा असेल तर शेवटी घाला. तपासणाऱ्याला तो लागतो. पण त्याच्या आधीची वाक्यं तुमच्या डोळ्यांनी कमावलेली असू द्या.

स्वतः पाखरावर कविता लिहू बघणाऱ्यांना एकच सांगणं. तयार रूपं टाळा. कोकिळा गाते असं आपण पिढ्यान्‌पिढ्या लिहीत आलो, पण कुहू कुहू करतो तो काळाभोर नर कोकीळ. मादी तपकिरी, ठिपक्यांची, आणि तिचा आवाज किककिक असा तुटक. ‘गायिका कोकिळा’ हे रूप ऐकीव आहे, पाहिलेलं नाही. आधी पाखराची एक हालचाल नीट बघा, ती साध्या क्रियापदात लिहा, आणि मगच तुमच्या घरातला कोणता शब्द तिथे आपसूक येतो ते पाहा. सुरुवातीला कावळा घ्या. तो गच्चीवर, खिडकीत, बसथांब्यावर, कुठेही मिळतो, माणसाला फारसा भीत नाही, आणि उन्हाळ्यात घरट्यासाठी काटक्या, तारांचे तुकडे पळवत असतो, तेव्हा तास तासभर बघता येतो. सुगरणींसाठी पावसाळ्यात विहिरीकडे जा, पण लांबून बघा. अंडी-पिल्लं असलेल्या घरट्याला हात लावायचा नाही. वर्गासाठी घरटं हवं असेल तर दिवाळीनंतर खाली गळून पडलेलं उचला.